वहिनींचा मास्क परत करून घ्या

पत्र : ताई, माझ्या पत्नीचं वय ४२. डोक्यात ग्लायोमाची गाठ निघाली, पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आता ३० लाईट (रेडिएशन) आणि सोबत गोळ्या सांगितल्या आहेत. गेल्या गुरुवारी मास्क केला. गरम ओली जाळी एकदम तोंडावर ओढली आणि दोघांनी दोन बाजूंनी दाबून धरली. ती हात हलवायला लागली तर टेक्निशियन ओरडला, "हलू नका हो, परत करावं लागेल." बाहेर आली तेव्हा थरथरत होती. लहानपणी ती विहिरीत पडली होती, तेव्हापासून तोंडावरून पांघरूणसुद्धा घेत नाही. हे तिथं सांगायला मला सुचलंच नाही. आता म्हणते, लाईट नको, काय व्हायचं ते होऊ दे, पण ते जाळं परत नको. सोमवारी पहिला लाईट आहे. स्टेरॉइडनं चेहराही सुजलाय. ती म्हणते, न बांधता मी गप पडून राहते. तसं चालणार नाही का? नाहीतर भूल देता येईल का? मेव्हणे म्हणतात, गॅमा नाइफ करा, एका दिवसात सुटका. आणि आत असताना तिचा जीव घाबरला तर? गावाचं नाव छापू नका.

दादा,

तुमचं पत्र काल रात्री वाचलं. सोमवार तोंडावर आलाय म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुम्हाला आधी लिहिते.

उद्या सकाळी विभाग उघडला की फोन करा, किंवा जवळ असाल तर स्वतःच जा. दोन गोष्टी सांगा. एक, मास्क केल्यापासून चेहरा सुजलाय. दुसरी, विहिरीची. मग सरळ म्हणा, मास्क परत करून द्या. ही काही गयावया करून मागायची गोष्ट नाही. सूज आली की मास्क बदलणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. सुजलेल्या चेहऱ्यावर जुना मास्क रेटून बसवला तर हनुवटी वर ढकलली जाते आणि डोकं मूळ जागेवर येतच नाही. म्हणजे वहिनींना त्रास होणार तो होणारच, वर नेमही चुकणार. स्टेरॉइड मात्र सूज बघून आपल्या मनानं कमी करू नका. ती गोळी मेंदूवरची सूज आवरून धरते, अचानक बंद केली तर महागात पडतं.

मी ३१ वर्षं रेडिओथेरपी विभागात टेक्नॉलॉजिस्ट होते, त्यातली पहिली १२ मोल्ड रूममध्ये, म्हणजे जिथं हे मास्क बनवतात त्या खोलीत. किती चेहऱ्यांचे मास्क केले ते मोजलेलं नाही. तुमच्या पत्रातलं "दाबून धरली" वाचलं आणि वाटलं, हे हात माझेही असू शकले असते. आम्हाला त्या पाच मिनिटांची घाई असते आणि समोरच्याला काय होतंय ते सांगायचं राहून जातं. म्हणून तेव्हा काय झालं ते आधी सांगते. वहिनींनाही वाचून दाखवा.

ती जाळी म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचा पत्रा. कपाटात असतो तेव्हा पांढरा आणि ताठ, पापडासारखा. ६५-७० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवला की मऊ होतो आणि गंमत म्हणजे काचेसारखा आरपार दिसायला लागतो. बाहेर काढून टॉवेलवर टिपतात, त्यामुळे चेहऱ्यावर येतो तेव्हा भाजण्याइतका गरम नसतो, पण गरम लागतो. तव्यावरून उतरवलेलं जाळीदार घावन कोणीतरी तोंडावर पसरावं, तसं. मग दोघं दोन बाजूंनी तो खाली ओढतात आणि डोक्याखालच्या फळीच्या खाचांत अडकवतात. ओढायला वेळ फार थोडा मिळतो, कारण पत्रा गार व्हायला लगेच सुरुवात होते. नाकाचा कणा, हनुवटी आणि कपाळ, या तीन जागी बोटांनी दाबावं लागतं. तिथं जाळी नीट बसली तरच डोकं डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली जात नाही. नंतर आठ-दहा मिनिटं तसंच थांबायचं, प्लास्टिक पुन्हा पांढरं आणि कडक होईपर्यंत.

यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. गार होताना ते प्लास्टिक किंचित आकसतं. आत पडलेल्या माणसाला स्पष्ट जाणवतं की हे आवळत चाललंय. किती आवळणार, कुठं थांबणार, ते त्याला ठाऊक नसतं. जो माणूस कधीकाळी बुडता बुडता वाचलाय त्याच्या अंगाला त्या क्षणी काय आठवलं असेल, ते तुम्हीच बघा. वहिनी नाटक करत नव्हत्या. आकसणं मिलिमीटरच्या हिशेबातलं असतं, थोड्या वेळात थांबतं, आणि जाळीला सगळीकडे भोकं असल्यानं श्वास कुठंच अडत नाही. हे आधी कळलं असतं तर निम्मी भीती तिथंच गेली असती.

मला हे कळायला ११ वर्षं लागली. नवीन आलेल्या मुलाला हात बसवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मीच टेबलावर आडवी झाले. रोज दहा जणांना "काही होत नाही, पाच मिनिटं" म्हणणारी मी! जाळी बसली, तोवर ठीक होतं. मग ते दोघं बोलत बोलत हात धुवायला गेले आणि खोलीत आवाज उरला नाही. त्या क्षणी माझे पाय आपोआप वर आले. जाळीपेक्षा मला एकटं पडल्याचीच भीती जास्त वाटली. त्या दिवसानंतर मी मास्क गार होईपर्यंत पेशंटच्या खांद्यावरून हात काढला नाही, आणि तोंडानं सांगत राहिले, आता थोडं आवळेल, आता थांबलं, आता तीन मिनिटं राहिली. दुसरं एक शिकले. "हलू नका" म्हटलं की माणूस लाकडासारखा ताठ होतो, खांदे कानापर्यंत येतात, आणि मास्क त्या ताठ मानेवर तयार होतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस सैल पडला की मास्क बसत नाही. "मान जड सोडा, खाली माझा हात आहे" म्हटलं की काम होतं. तुमच्या टेक्निशियनला कोणी हे शिकवलं नसेल. त्याच्यावर राग धरू नका असं मी म्हणणार नाही, पण नवा मास्क करताना विभागाच्या इनचार्जना भेटून सांगा की आधी समजावून मग करा, आणि शक्य असेल तर बाई टेक्नॉलॉजिस्ट द्या. असं मागितलं तर कोणी वाईट मानत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, न बांधता का नाही.

वहिनी शहाण्या आहेत यात मला शंका नाही. मान शहाणी नसते. आडवं पडल्यावर मिनिट-दोन मिनिटांत मानेचे स्नायू सैल होतात आणि हनुवटी आपसूक खाली किंवा बाजूला कलते. माणसाला वाटतं, मी तसूभर हललो नाही. गिळताना हलतं, खोकला दाबताना हलतं. आणि एका दिवसापुरतं मानलं की त्या पुतळ्यासारख्या पडल्या, तरी मंगळवारी डोकं सोमवारच्याच जागी, त्याच तिरपेपणात कसं आणणार? मास्क मुळात त्यासाठी आहे. धडपडणाऱ्या माणसाला जखडून ठेवण्याचं ते साधन नाही. तसं असतं तर हातपायही बांधले असते. ३० दिवस, रोज तेच डोकं त्याच जागी यावं म्हणून घेतलेलं ते माप आहे, शिंप्यानं घेतलेल्या मापासारखं, फक्त कडक. सीटी स्कॅनही वहिनींना तोच मास्क घालून केला असेल. मास्कवर चिकटपट्टी लावून त्यावर फुल्या मारल्या होत्या ना? भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषा रोज त्या फुल्यांवर जुळवतात. फुल्या मास्कवर असल्यामुळे चेहऱ्यावर शाई लावायची वेळ येत नाही.

थोडा हिशेब सांगते, म्हणजे "थोडं हललं तर काय बिघडलं" हे मनातून जाईल. ग्लायोमात गाठ काढली तरी तिच्या पेशी आजूबाजूला विखुरलेल्या असू शकतात, म्हणून डॉक्टर भोवतीचा दीड-दोन सेंटिमीटर भाग मुद्दाम धरतात. समजा असा भाग मोसंबीएवढा, ६ सेंटिमीटर रुंदीचा झाला. त्याचं आकारमान साधारण ११३ मिलिलिटर. त्याच्याबाहेर डोकं थोडं इकडेतिकडे होईल म्हणून आणखी एक कड सोडावी लागते. मास्क असेल आणि रोज मशीनवरच स्कॅन करून जागा तपासत असतील तर ३ ते ५ मिलिमीटरची कड पुरते. ३ धरली तर एकूण भाग होतो दीडशे मिलिलिटर. डोकं मोकळं ठेवून तीच कड १ सेंटिमीटर करावी लागली, तर तोच भाग २६८ मिलिलिटरवर जातो. मधला फरक निरोगी मेंदूचा. एक कप चहा मावेल एवढा मेंदू विनाकारण लाईटखाली येतो, आणि त्यात डोळ्यांच्या नसा असू शकतात, मेंदूचा देठ असू शकतो, स्मरणशक्तीची जागा असू शकते. वहिनींना घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. त्या जो त्रास काढणार आहेत तो कशाच्या बदल्यात, एवढं त्यांना कळायला हवं. माझा अनुभव असा की बायकांना कारण सांगितलं की त्या पुरुषांपेक्षा शांत पडतात. (पुरुष आधी बढाया मारतात आणि तिसऱ्या दिवशी घाम फुटतो. असो.)

मास्क बदलतोच आहे तर तो कसा बदलायचा हेही बोलून घ्या. डोळ्यांपुढे आणि तोंडापुढे जाळी कापून खिडकी करता येते. वहिनींसाठी ही खिडकी मागाच. बाहेर दिसतंय आणि ओठांना हवा लागतेय, एवढ्यानंही जीव खूप हलका होतो. काही मोठ्या केंद्रांत अख्खा चेहरा उघडा ठेवणारा मास्क असतो. तो कपाळ आणि हनुवटीला धरतो, आणि छतावरचे कॅमेरे चेहऱ्याची त्वचा सतत बघत असतात. ठरवलेल्यापेक्षा जास्त हललं तर लाईट थांबतो. तुमच्याकडे ती सोय आहे का, विचारून बघा. नसली तरी खिडकीवाला मास्क बहुतेकांना पुरतो. किती कापायचं ते मात्र तिथल्या फिजिसिस्टना, म्हणजे किरणांचा हिशेब बघणाऱ्यांना, ठरवू द्या, जास्त कापला की मास्क लवचिक होतो आणि सगळ्या खटाटोपाचा उपयोग राहत नाही.

नवा मास्क म्हणजे नवा सीटी आणि बहुधा नवं प्लॅनिंग. सोमवार पुढं जाईल. जाऊ द्या. ऑपरेशनला पाच आठवडे झालेत, सुरुवात थोडी पुढं गेली तर चालेल का, ते डॉक्टर सांगतील. त्यांना विचारूनच तारीख घ्या. एकदा सुरू झाल्यावर मध्येच आठ दिवस घरी बसणं त्यापेक्षा वाईट. आणि पैशाचं आधीच विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील, तर दुसऱ्या मास्कचे वेगळे पैसे पडतात का, ते समाजसेवा विभागातल्या माणसाला विचारा, काउंटरवर नको.

भूल. लहान मुलांना देतात, रोज, कारण तीन वर्षांच्या पोराला कितीही समजावलं तरी ते एकटं पडून राहणार नाही. पण त्यासाठी रोज उपाशी ठेवायचं, रोज भूलतज्ज्ञ, रोज शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं, आणि हे ३० वेळा. मोठ्या माणसाला सहसा तिथवर जायची गरज पडत नाही. मधला एक मार्ग आहे. घबराट कमी करणारी हलकी गोळी पहिले काही दिवस, लाईटच्या आधी, डॉक्टरांनी लिहून दिली तरच. डोक्याच्या ऑपरेशननंतर गुंगीची कुठलीही गोळी आपल्या मनानं, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर, अजिबात द्यायची नाही. गोळी दिली तर त्या दिवशी वहिनींना एकटं पाठवू नका. मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यानंतर ती गोळी लागली नाही.

मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा. गॅमा नाइफ म्हणजे सुरी नव्हे, एका जागी नेमकी किरणं सोडणारं यंत्र. ती चांगलीच गोष्ट आहे, पण वेगळ्या आजारासाठी. छोटी, कडा स्पष्ट असलेली गाठ, दुसरीकडून मेंदूत आलेली एखाद-दुसरी गाठ, कानाच्या नसेवरची गाठ, रक्तवाहिन्यांचा गुंता, अशा ठिकाणी एकाच दिवसात मोठा डोस देतात. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकाच्या शेवटी स्टॉकहोमला तिचं पहिलं यंत्र उभं राहिलं. ऑपरेशननंतर उरलेल्या, पसरट ग्लायोमावर ३० दिवसांच्या लाईटऐवजी ते करत नाहीत. आणि मेव्हण्यांना हेही सांगा की गॅमा नाइफला डोकं धरायला पूर्वापार जी चौकट वापरतात ती चार स्क्रूंनी कवटीला बसवतात. जागा बधिर करून, पण स्क्रूच. एकाच वेळी सगळा डोस द्यायचा असतो, म्हणून तिथं मिलिमीटरचीसुद्धा सूट नसते. अलीकडे गॅमा नाइफही मास्कवर करता येतं, म्हणजे फिरून तिथंच आलो!

जीव घाबरला तर काय, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण वहिनींच्या मनात तोच पहिला असणार. मशीनच्या खोलीत त्या एकट्या असल्या तरी बाहेर दोन माणसं कॅमेऱ्यावर त्यांच्याकडेच बघत असतात. माइक असतो, आतलं बाहेर ऐकू येतं. हात मोकळे असतात. वहिनींनी हात वर केला की बाहेरचा माणूस बटण दाबून लाईट बंद करतो, दार उघडून आत येतो आणि फळीच्या खटक्यांवरून मास्क काढतो. दार उघडलं की लाईट तसाही आपोआप तुटतो, यंत्राची रचनाच तशी आहे. किती डोस गेला आणि किती राहिला, ते कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. थांबवलं म्हणून तो दिवस वाया जात नाही, उरलेला नंतर देता येतो. हे वहिनींना नुसतं सांगू नका, करून दाखवायला लावा. पहिल्या दिवशी लाईट सुरू करण्याआधी त्यांनी एकदा हात वर करावा आणि टेक्निशियननं खरंच आत येऊन मास्क काढावा. मी हे घाबरट पेशंटबरोबर नेहमी करायचे. एकदा सुटता येतं हे कळलं की सुटायची घाई राहत नाही.

आत वेळ किती? पहिला दिवस लांबतो, स्कॅन, तपासणी, डॉक्टरांची सही, अर्धा तास धरा. नंतर टेबलावर दहा-पंधरा मिनिटं. त्यात प्रत्यक्ष लाईट काही मिनिटंच. दुखत नाही, चटका बसत नाही. यंत्राचं डोकं भोवती फिरतं आणि घूं घूं आवाज येतो, तेवढंच. डोळे मिटलेले असतानाही काहींना निळसर प्रकाश चमकून गेल्यासारखा वाटतो, काहींना ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास येतो. दोन्ही खरं आहे, भास नाही आणि वेडही नाही. किरणं डोळ्याजवळून आणि वासाच्या नसेजवळून जातात म्हणून तसं होतं, लाईट बंद झाला की जातं. आधी सांगून ठेवा, नाहीतर वहिनी घरी येऊन कोणाला बोलणार नाहीत आणि मनात कुढत बसतील.

ती मिनिटं कशी काढायची याचं प्रत्येकाचं वेगळं. आमच्याकडे एक एसटीचे कंडक्टर येत, स्वारगेट-सातारा गाडीवर आयुष्य गेलेलं. लाईट सुरू झाला की ते मनात गाडी सोडत. कात्रज, खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ, शिरवळ. प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले, सुट्टे कोणाला द्यायचे राहिले. एकदा बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, आज खंबाटकीच्या वर गेलो, रोज शिरवळलाच थांबतो. मशीन हळू चाललं का?" त्या दिवशी खरंच स्कॅन दोनदा घ्यावा लागला होता. वहिनींची गाडी कुठली, ते त्यांनाच ठरवू द्या. हळदीकुंकवाला बोलवायच्या बायकांची यादी असेल, नाहीतर माहेरच्या वाटेवरची झाडं. नामस्मरण येत असेल तर उत्तमच, फक्त ओठ आणि हनुवटी हलवायची नाही.

सराव घरी करता येतो. दिवाणावर उताणं झोपवा, जाड उशी काढून मानेखाली टॉवेलची गुंडाळी द्या, टाक्यांच्या जागी काही टोचत नाही ना ते बघा. पहिल्या दिवशी तोंडावर काहीच नको, नुसतं डोळे मिटून पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पातळ, जाळीदार ओढणी. तीही त्यांनीच आपल्या हातानं घ्यायची, आपल्या हातानं काढायची. तुम्ही किंवा मुलांनी टाकायची नाही, गमतीतही नाही. ओला कपडा तोंडावर अजिबात नको. श्वास नाकानं घ्यायचा आणि सोडताना जास्त वेळ लावायचा, गरम दूध फुंकतो तसा. दहा मिनिटं जमली की पुरे. विभागात गेल्यावर मास्क घालायच्या आधी तो त्यांच्या हातात द्यायला सांगा. बोटं भोकांतून आरपार जातात हे हाताला कळू द्या.

आता केसांचं, कारण हे कोणी सांगत नाही आणि पुरुषांच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनला अर्धे केस काढले असतील. उरलेले कापायचे असतील तर नव्या मास्कच्या आधी कापा, नंतर नको. ठेवायचे असतील तर मास्क करताना जसे होते तसेच रोज, खाली सैल वेणी किंवा मोकळे. अंबाडा नाही, चाप नाही. डोक्याखाली वितभर केसांचा गोळा आला की मान पुढं ढकलली जाते. लाईटच्या जागचे केस दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतील, तेव्हा मास्क किंचित सैल वाटेल, तेही टेक्निशियनला सांगा. कानातलं, चमकी, गळ्यातलं घरीच ठेवा. तोंडाला तेल, पावडर, क्रीम लावून जायचं नाही. सर्दीनं नाक बंद असेल, मळमळ होत असेल, खोकल्याची उबळ येत असेल, तर मास्क घालायच्या आधी सांगायचं. आडवं, तोंड झाकलेलं असताना उलटी होणं ही एकच गोष्ट अशी आहे जिची मलाही धास्ती असायची. गोळ्यांबरोबर उलटीचं औषध दिलं असेल, ते सांगितलेल्या वेळेलाच घ्या. फिटची गोळी एकही चुकवू नका. रोज टेबलावर जाताना मास्कवरचं नाव वाचा. तिथं भिंतीला ओळीनं मास्क टांगलेले असतात, लांबून सगळे सारखेच दिसतात. ते तपासतातच, तुम्हीही बघा.

वहिनी बाहेर आल्या की कपाळावर आणि गालांवर जाळीचे लाल ठसे उमटलेले असतील. तासाभरात जातात. पहिल्या दिवशी आरशासमोर जायच्या आधी त्यांना हे माहीत असू द्या, आणि परत येताना गाडीत मुलं बरोबर असतील तर त्यांनाही.